येतानाचं वजन

माझ्या पाट्यांना नावं ठेवणारं माणूस अजून जन्मायचंय, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. ते माणूस जन्मलं, मोठं झालं आणि सून होऊन माझ्याच घरात आलं. आता यात चूक कुणाची म्हणायची? मुलगा म्हणतो, मी फक्त लग्न केलं, बाकी तुमचं तुम्ही बघा. तो बँकेत कामाला आहे. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्याला अजून विचारावं लागतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला या घरात फारशी किंमत नाही.

पाटे म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर मधेच अडाल. ट्रक घ्या, टेम्पो घ्या, जीप घ्या, जड गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक थप्पी असते, कमानीसारखी वाकवलेली. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर. खड्डा आला की ती दबते आणि परत उठते. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. मी ते बनवते. वडिलांच्या हाताखाली शिकले, लग्नानंतर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. भट्टी आमचे हे सांभाळतात, पाटा वाकवणं, जुळवणं आणि गाडीला बसवणं माझ्याकडे. हे फारसे बोलत नाहीत. घरात एकानेच बोलावं असं आमचं ठरलेलं आहे, आणि ते कोणी हेही ठरलेलं आहे.

लोक मला पाटेकाकू म्हणतात. नवीन माणूस वर्कशॉपमध्ये येतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, मिस्त्री कुठे आहेत? मी हातातला घण खाली ठेवते आणि म्हणते, बोला. पुढचं अर्धं मिनिट त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

वडिलांनी मला एकच गोष्ट ठोकून ठोकून शिकवली. पाटे भरल्या गाडीला बसवायचे, रिकाम्या गाडीला नाही. आधी गाडी तोंडापर्यंत भरायची, किती दबते ते मोजायचं, मग ठरवायचं किती पाटे लागतील, किती जाड लागतील. रिकामा ट्रक कसा उडतो याच्याशी कुणाला काय देणंघेणं? उडणार तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरला सवय असते. या हिशेबाने मी चाळीस वर्षं काम केलं, आणि माझे पाटे दमून सपाट झाले अशी एकही तक्रार आली नाही.

माझी सून ड्रायव्हर आहे. लग्नाआधी ती दुधाची गाडी चालवायची. तिचे वडील बोलणी करायला आले तेव्हा म्हणाले, पोरीने तीन वर्षांत एक थेंब सांडला नाही. दुसरं काही सांगायची गरजच पडली नाही, मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. गाडी चालवणारा हात मला लगेच कळतो. तिचा हात हलका आहे. गिअर बदललेला कळत नाही, ब्रेक लावलेला कळत नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, ते सोडा.

दीड वर्षापूर्वी ती वरच्या दवाखान्याच्या गाडीवर लागली. वरचा दवाखाना म्हणजे डोंगरावरचा छोटा दवाखाना, दोन खोल्या आणि एक नर्सबाई. खालच्या मोठ्या इस्पितळापासून अकरा किलोमीटर. त्यातले पहिले पाच किलोमीटर रस्ता आहे आणि पुढच्या सहाला रस्ता म्हणायचं म्हणजे रस्त्याची थट्टा आहे. आधी दगड, मग ओढा, ओढ्यात पुन्हा डोक्याएवढे दगड, आणि वर चढणीला चिखल. तिथे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली गाडीच लागते. दवाखान्याकडे तशी एक आहे, जुनी पण दणकट. मागे एका बाजूला स्ट्रेचर, दुसऱ्या बाजूला नातेवाइकाला बसायला बाक. वर जाताना ती औषधांची खोकी, ऑक्सिजनची नळकांडी, जनरेटरचं डिझेल असं सगळं घेऊन जाते, आणि येताना आजारी माणसाला खाली आणते.

त्या गाडीचे पाटे मीच केले होते. सून त्या गाडीवर लागली त्याच आठवड्यात. तिच्या गाडीला काही कमी पडू नये म्हणून एकेका बाजूला नऊ पाटे, जाड, अस्सल. भरल्या गाडीचं वजन मोजून. गाडी दोन इंच वर उचलली गेली होती आणि मला ती वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडताना बघत राहावीशी वाटली होती.

मग एक दिवस खालच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर स्वतः वर्कशॉपवर आले. गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे पाट्यांची उडी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या, गळायला लागले होते, त्यांनी सांगितलं की शॉकअप बदला, पाटे बदलायचे असतील तर बदला, जे योग्य वाटेल ते निवडा. माणूस सभ्य होता, चहा घेतला, स्टुलावर बसला. आणि जाता जाता म्हणाला की तसं हे सगळं महिनाअखेरपर्यंतच आहे. मी विचारलं, म्हणजे? तेव्हा कळलं.

सहा महिने झाले, वरच्या वस्तीतला एकही आजारी माणूस त्या गाडीतून खाली आलेला नव्हता. गाडी औषधं घेऊन वर जात होती आणि रिकामी परत येत होती. लोक आपल्या माणसांना खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून, चार चार तास खांद्यावरून खाली आणत होते, पण गाडीत घालत नव्हते. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर गाडी खालच्या शहरात नेणार होते. गाडी गेली की ड्रायव्हरची जागा गेली. हे माझ्या सुनेला पंधरा दिवसांपासून माहीत होतं.

मी विचारलं, लोक बसत का नाहीत? डॉक्टर जरा चाचरले. म्हणाले, वरचा एक गवंडी आहे, भिंतीवरून पडून त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. तुमच्या सूनबाईंनीच त्याला खाली आणलं. तो सगळा रस्ता ओरडत आला. बरा होऊन वर गेला आणि त्याने सगळ्यांना सांगितलं, घरात मरेन पण त्या बाईच्या गाडीत पाय ठेवणार नाही, तिला माणसं नेता येत नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांत दुधाचा थेंब न सांडणाऱ्या पोरीला हा भिंतीवरून पडणारा माणूस नावं ठेवतो! डॉक्टर गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघाच आता, अशी गाडी बनवून देते की गवंड्याने तोंडात बोट घालावं. ह्यांनी भट्टीतली राख काढली.

मी जोरात कामाला लागले. नवीन माल विकणाऱ्याला बोलावलं. तो चकचकीत पुस्तक घेऊन आला, त्यात लाल रंगाच्या स्प्रिंगा, पिवळे शॉकअप, दगडावर चढलेल्या गाड्यांचे फोटो. गाडी तीन इंच उचलून देतो म्हणाला. पाट्यांत दोन जाड पाटे आणखी घाला, पुढे कडक स्प्रिंगा घाला, वर कडक शॉकअप, मग गाडी काय वाट्टेल त्यावर चढेल. मला पटलं. डोंगराच्या गाडीला उंची हवी आणि जोर हवा, याच्यात काय कळायचंय? मी अकरा पाट्यांचं माप काढलं आणि पोलाद कापायला बाजूला काढून ठेवलं.

संध्याकाळी सून आली. तिने माप बघितलं, पुस्तक चाळलं आणि हळूच म्हणाली की आई, पाटे कमी करता येतील का? मी विचारलं किती कमी. ती म्हणाली, चार. चार लांब आणि पातळ. त्यांच्याखाली दोन जाड, पण ते वरच्यांना न टेकलेले, गाडी भरली तरच टेकतील असे. उंची एकच इंच. आणि शॉकअप असे, की बटण फिरवून मऊ करता येतील.

मी तिच्याकडे बघतच राहिले. डोंगराच्या गाडीला चार पाटे! मी म्हटलं, ही काय पोरांची बाबागाडी आहे का? सातशे किलो सामान चढणीवर न्यायचंय तुला. ओढ्यातच बूड टेकेल. ती म्हणाली, म्हणूनच खालचे दोन. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी काय गवत कापलं का? आणि मग मी जे बोलले ते मला इथे परत सांगायचं नाही. त्यात तिच्या दुधाच्या गाडीचा उल्लेख होता आणि तो चांगला नव्हता.

तिने पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि आत गेली. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. हे दोघींमधून वाटी सरकवल्यासारखे निरोप सरकवत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. म्हणाले, कापायच्या आधी एकदा तिच्या गाडीत बसून तर ये.

ते मला पटलं, पण वेगळ्या कारणाने. माझे नऊ पाटे कसे चालतात हे तिला तिच्याच गाडीत दाखवावं, असा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडी पूर्ण भरलेली होती. काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. दगडांवरून गेली, ओढ्यातून गेली, चिखलात एकदाही अडली नाही. खाली कुठे काही टेकलं नाही. मी सगळा रस्ता बोलत होते. हा दगड बघ, हा खड्डा बघ, कळला का? सून हो म्हणत होती आणि गाडी चालवत होती.

वर पोचलो. नर्सबाईने आणि तिने मिळून सामान उतरवलं. मी चहा प्यायले आणि खुशीत म्हटलं, चल, झाली परीक्षा. तिने मागचं दार उघडलं.

"आई, आता येताना मागे झोपा."

मी म्हटलं, का, मला काय झालंय? ती दार धरून उभी राहिली. मला वाटलं हिला वाटतंय मी घाबरेन. मी चढले, स्ट्रेचरवर आडवी झाले, पट्टा लावून घेतला आणि म्हटलं चल. दार लागलं.

पहिला दगड आला तेव्हा मला वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं काही नव्हतं. गाडी रिकामी होती आणि नऊ जाड पाटे हलायलाच तयार नव्हते. सातशे किलोंसाठी बांधलेली थप्पी माझ्या साठ किलोंना कशाला दबेल? प्रत्येक दगड जसाच्या तसा माझ्या पाठीत येत होता. बसलेलं माणूस पायांनी, हातांनी, कमरेने सावरतं, आडवं माणूस कशाने सावरणार? डोकं उशीवरून उडायचं आणि परत आपटायचं. जीभ दाताखाली आली. मी दोन्ही हातांनी दांडी धरली तर खांद्यात कळ आली. आणि सून मुंगीच्या पावलांनी गाडी चालवत होती, हे मला झोपल्या झोपल्या कळत होतं. तिचा पाय किती सांभाळून पडतोय, ती प्रत्येक दगडाला वळसा कशी घालते, सगळं कळत होतं. त्याहून हळू गाडी चालवताच येत नाही.

ओढ्याच्या मध्यात मी ओरडले, थांबव. तिने थांबवली. मी उठून बसले, पाण्यात पाय टाकून खाली उतरले आणि एका दगडावर बसले. माझं एकही हाड मोडलेलं नव्हतं. त्या माणसाचं कमरेचं मोडलेलं होतं.

सूनही उतरून आली. मी विचारलं, गवंड्याला असंच आणलंस? ती म्हणाली, हो. मी विचारलं, हळू चालवून? ती म्हणाली, याहून हळू. दोनदा थांबले, त्यांच्याखाली माझं जाकीट घातलं, नर्सबाईंची शाल घातली. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. सगळी वस्ती तुला नावं ठेवते, तू सांगत का नाहीस की दोष पाट्यांचा आहे, तुझ्या हाताचा नाही?

ती पाण्याकडे बघत होती.

"पाटे कुणाचे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, आई. तुमचं नाव चाळीस वर्षांचं आहे. माझं वर्षाचंही नव्हतं. मला वाटलं, जायचंच असेल तर माझं गेलेलं बरं."

सहा महिने ही पोर माझ्यासमोर जेवत होती, मी तिला कामावरून बोलत होते, आणि ती माझं नाव सांभाळून बसली होती. मला रागही आला, कुणाचा ते कळेना. मग तिनेच सांगितलं. ती म्हणाली की गाडी जाताना भरलेली असते आणि येताना रिकामी, पण माणूस येताना असतो. ही गाडी जाण्यासाठी नाहीच, येण्यासाठी आहे. ट्रकचं उलट असतं.

इतकं साधं. चाळीस वर्षं मी भरल्या गाड्या मोजत आले आणि या गाडीतसुद्धा खोकी मोजली, माणूस मोजलाच नाही. मी उठले, साडी पिळली आणि म्हटलं, तुझं ते चार पाट्यांचं काय ते परत सांग, या वेळी नीट सांग.

महिनाअखेरीला आठ दिवस राहिले होते. त्या आठ दिवसांत आमच्या घरी भाजी कुणी केली ते मला आठवत नाही, बहुतेक मुलाने केली. आम्ही गाडी रिकामी केली, स्ट्रेचरवर ह्यांना झोपवलं, बाकावर मी बसले, आणि त्या वजनावर माप काढलं. माझ्या वर्कशॉपमध्ये रिकाम्या गाडीवर माप काढलेलं तेव्हा पहिल्यांदाच. ह्यांच्या पोटावर सूनबाईंनी पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं ठेवलं आणि गाडी वर्कशॉपसमोरच्या खड्ड्यांतून फिरवून आणली. पहिल्या फेरीत हे आंघोळ करून आले. कुरकुर केली नाही, फक्त दुसऱ्या फेरीला शर्ट काढून झोपले.

सुनेचे चार पाटे मी ओढले, लांब, टोकाकडे निमुळते होत गेलेले. पाट्यावर पाटा घासला की लहान खड्डासुद्धा जाणवतो, म्हणून टोकांखाली प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या. ती कल्पना माझी होती, तेवढं मला म्हणू द्या. खालचे दोन राखीव पाटे मात्र तीनदा करावे लागले. पहिल्यांदा गाडी भरली तर बूड टेकलं, मी म्हटलंच होतं. पण या वेळी मी म्हटलं आणि लगेच पाटा परत भट्टीत घातला. दुसऱ्यांदा फार जाड झाले, ते टेकताना खालून कुणी लाथ मारल्यासारखा धक्का यायचा. सून गाडीखाली पालथी पडून दोन्हींच्या मधली फट बोटांनी मोजत होती. तिसऱ्यांदा बोटभर फट ठेवली आणि जमलं. रिकाम्या गाडीला चारच पाटे झेलायचे, गाडी भरली की खालचे दोन हळूच हाताला हात लावायचे.

शॉकअपवर आमचं पुन्हा वाजलं. मला कडक हवे होते, मऊ पाट्यांवर मऊ शॉकअप म्हणजे गाडी उड्या मारत राहणार. ती म्हणाली मऊ. शेवटी बटणाच्या सातही खाचा एकेक करून बघितल्या आणि तिसरी ठरली. पहिल्या खाचेवर गाडी डोलायची, आडव्या माणसाला गरगरायचं. म्हणजे मी थोडी बरोबर आणि ती जास्त बरोबर. लाल स्प्रिंगांचं पुस्तक मी त्या माणसाला परत दिलं. तो म्हणाला, काकू, एकच इंच उचलली? मी म्हटलं, गाडी फोटो काढायला चाललेली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. मोठे डॉक्टर शेजारी बसले होते, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सामानाने भरलेली गाडी एकदाही कुठे टेकली नाही. वर दवाखान्याच्या अंगणात वस्तीतली वीस-पंचवीस माणसं जमली होती. डॉक्टर म्हणाले, गाडीत सुधारणा केली आहे, कुणीतरी झोपून बघा. कुणी पुढे आलं नाही. सगळे त्या गवंड्याकडे बघत होते. तो भिंतीला टेकून, काठी घेऊन उभा होता. म्हणाला, गाडी काहीही करा, चालवणारा हात तोच आहे ना?

सून गाडीजवळ उभी होती. ती खाली बघत होती आणि तिने तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही.

मी पुढे झाले. माझा आवाज मोठा आहे, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

"त्या दिवशी तुम्ही ओरडलात ते माझ्यामुळे. पाटे मी केले होते, आणि चुकीचे केले होते. मी खोक्यांचं वजन मोजलं, तुमचं मोजलं नाही. हिचा हात चांगला होता, आजही तोच आहे. हिने सहा महिने माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली, कारण मी हिची सासू आहे."

बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी आणखी दोन वाक्यं बोलले असते. गवंडी माझ्याकडे बघत होता. मग त्याने सुनेकडे बघितलं. मग त्याने काठी भिंतीला लावून ठेवली आणि विचारलं, तुम्ही बसाल माझ्या शेजारी? मी म्हटलं, बसायलाच आलेय.

त्याला स्ट्रेचरवर झोपवलं. मी बाकावर बसले. डॉक्टर पुढे. सुनेने आरशातून एकदा मागे बघितलं आणि गाडी सोडली. गवंड्याने डोळे गच्च मिटले होते, दात आवळले होते आणि दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. चिखलाची चढण उतरलो. गाडी हलत होती, पण दणके नव्हते, आतल्या आत दबून उठत होती. पाटे काम करत होते. मला पायाखालून ते कळत होतं, एकेक करून, चारही. ओढ्यात उतरलो, दगडांवरून गेलो, पाणी मागे टाकलं, पलीकडे चढलो. तो दगडासारखा पडून होता. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, त्याने विचारलं.

"ओढा कधी येतोय?"

"मागे राहिला," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. मान वळवून काचेतून बाहेर बघितलं. डांबरी रस्ता लागला होता. त्याने दांडीवरचे हात सोडले आणि पोटावर ठेवले. मग पुढे आवाज दिला.

"पोरी, माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत. पुढच्या आठवड्यात तिला न्यायला तूच ये."

सून म्हणाली, येते काका. गाडी तशीच हलकी चालली होती. डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि पहिल्या खेपेचा दिवस लिहून घेतला. मग मागे वळून मला विचारलं की हे पाटे नेमके कुणाच्या डोक्यातून निघाले. मी म्हटलं, माझ्या सुनेच्या. नंतर इस्पितळाच्या दारात चौकीदाराने विचारलं, गाडी कुणी बनवली, तेव्हाही तेच सांगितलं. मग चहाच्या टपरीवर कुणी काही विचारलंच नव्हतं, तिथेही सांगितलं, माझ्या सुनेने.